रकाना सातवा : झाडाचे नाव

रस्ता रुंद होणार, म्हणून मी झाडं मोजत निघालोय
आंजर्ल्यापासून खाली, समुद्र उजव्या हाताला धरून.
टेप, गेरूचा डबा, रकान्यांचे कागद.
हापूस, कलमी : तीन.
नारळ, फळता : अकरा.
रातांबा : एक, नर. त्याचे पैसे नाहीत.
इथं कुठल्याच झाडाला नाव विचारावं लागत नाही,
शिगवण लांबूनच ओरडतो, मी लिहितो.

झुलेखा मुकादमांच्या गडग्याशी पेन अडलं.

छातीएवढं झुडूप.
माघ महिना, शेजारचा चाफा नुसती हाडं घेऊन उभा,
आणि हे तेल लावून बसल्यासारखं हिरवं.
पांढऱ्या फुलांचे घोस, पाच पाच पाकळ्या,
टोकं मागं मुडपलेली.

शिगवण म्हणाला, तगर. लिहा आणि चला.
मी डहाळी मोडली. चीक आला नाही.
मग मोगऱ्यातलं कायतरी.
पण मोगऱ्याचं पान एकटं असतं,
इथं एका देठावर पाच, कुठं सात,
समोरासमोर नाहीत, एक पुढं एक मागं,
शाळेतून घरी येणाऱ्या भावंडांसारखी.
कढीपत्ताच हा, गडग्यापलीकडून कोणी सांगितलं,
रानातला.
पान चुरगळलं. फोडणीची आठवण नाही.
लिंबाच्या सालीचा वास, तोही
दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा.

खालच्या फांदीला चार-दोन फळं होती,
लाल, करवंदाहून बारीक, टोकाला निमुळती.
एक फोडलं. बोटं चिकटली.
बी लवेची, तान्ह्या पोराच्या पाठीसारखी.

"वीस वर्षं पाणी घालतेय," बाई म्हणाल्या,
"नाव नाय माहीत. मनात येल तवा फुलतं.
मगरिबच्या बांगेला उभं ऱ्हावा इथं, मग कळेल."

फोटो काढला. रेंज नव्हती.
कातळावर चढून दापोलीच्या पेठ्यांना पाठवला,
नर्सरीवाले, शब्द मोजून वापरणारे.
उत्तर आलं : कुंती. कुणी कामिनी म्हणतात.
कढीपत्त्याची भाऊबंद. कुंपणाला लावतात. लाकूड चिवट.

खाली येऊन सांगितलं.
बाई सूप ठेवून हसल्या.
"कुंती? तीच ना ती,
पोराला पेटीत घालून पान्यात सोडलान?
टीव्हीवर बगितलाय मी.
हे पण पेटीतूनच आलं. बिस्किटांचा डबा.
आमचे खलाशी होते, कोलंबोवरून आणलान,
बोटीवर आपल्या वाटणीचं गोडं पाणी घातलान त्याला."

मग थोडं थांबून, सूप परत हातात घेऊन :
"त्यांचं नाव मी घेत नसे. झाडाचं ठाऊक नव्हतं.
पोरगी पत्र लिहायची, मी सांगायची,
लिही, तुमचं ते फुललंय.
तेवढ्यात त्यांना सगळं कळायचं."

शिगवण उगाच गेरू ढवळत राहिला.

रकाना सात : कुंती.
रकाना आठ, प्रकार : शोभेचे.
रकाना नऊ, मोबदला : निरंक.
हे तिन्ही शब्द मी सुवाच्य अक्षरात लिहिले,
आणि खोडावर गेरूचा ठिपका द्यायला
फांद्या बाजूला करताना
डोक्यावर, कॉलरीत, कागदांवर पाकळ्या पडल्या.
बाईंनी एवढंच विचारलं,
"फांदी लावली तर जगते का हो?"
मला माहीत नव्हतं. पेठ्यांना विचारायला हवं होतं.
कातळ पुन्हा चढायचा मला कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी हर्णै.
अनोळखी अंगण, वाळत घातलेली सोडं,
वासाचं कुणी काही बोलत नाही अशी जागा.
शिगवणनं टेपचं टोक धरलं, मी मागं सरत गेलो.
तिसऱ्या मीटरला पट्टीच्या वेटोळ्यातून
एक चुरगळलेली पांढरी पाकळी निघाली
आणि सुकट निवडणारी ती बाई मान वर करून म्हणाली,
"ह्या कसलं झाड हो?"